सर्व्हर व वर्कस्टेशन प्रोसेसर

सर्व्हर प्रोसेसर आणि वर्कस्टेशन प्रोसेसर हे संगणकाच्या मध्यवर्ती प्रक्रिया एककाचे, म्हणजेच सीपीयूचे, व्यावसायिक वापरासाठी घडवलेले दोन प्रकार होत. सर्व्हर प्रोसेसर हा एकाच वेळी अनेकांची अनेक कामे अखंड करण्यासाठी असतो. वर्कस्टेशन प्रोसेसर हा एका व्यक्तीचे अवजड काम शक्य तितक्या लवकर पुरे करण्यासाठी असतो. इंटेलची झिऑन आणि एएमडीची एपिक ही सर्व्हर प्रोसेसरची, तर झिऑन डब्ल्यू आणि थ्रेडरिपर ही वर्कस्टेशन प्रोसेसरची प्रमुख नावे आहेत.

या दोन प्रकारांची तुलना बहुधा कोरची संख्या, क्लॉकचा वेग आणि किंमत या तीन आकड्यांवरून केली जाते. तथापि अनेकदा दोन्ही प्रकारांत सिलिकॉनचे तेच तुकडे वापरलेले असतात. फरक असतो तो मेमरीचे मार्ग, विजेची मर्यादा, चालू ठेवलेल्या सुविधा आणि आकारलेला दर यांत. त्यामुळे एखादा प्रोसेसर किफायतशीर आहे की नाही, हे त्याच्यावर कोणते काम चालणार आहे यावरून ठरते.

## संज्ञा

सर्व्हर म्हणजे जाळ्यावरील इतर संगणकांना सेवा पुरवणारा संगणक. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, संकेतस्थळे, ईमेल, विदागारे ही त्याची नेहमीची कामे. त्याच्यासमोर सहसा कोणी बसलेले नसते. तो थंड राखलेल्या दालनात मांडणीवर बसवलेला असतो आणि दुरून हाताळला जातो.

वर्कस्टेशन म्हणजे अभियंता, वास्तुविशारद, चित्रपटाचा संकलक, संशोधक अशा व्यक्तीच्या टेबलाजवळचा शक्तिशाली संगणक. यंत्रभागांचे आरेखन, त्रिमितीय चित्रण, ध्वनिचित्रफितींचे संपादन, मोठ्या प्रणालींचे संकलन आणि वैज्ञानिक आकडेमोड ही कामे त्यावर होतात. वापरणारा प्रत्येक आज्ञेच्या उत्तराची वाट पाहत असल्याने येथे प्रतिसादाच्या गतीला विशेष महत्त्व असते.

कोर म्हणजे प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे आज्ञा पार पाडणारा भाग. एका कोरवर एकाच वेळी चालणाऱ्या आज्ञांच्या धारेला थ्रेड म्हणतात. आजचे अनेक कोर दोन थ्रेड हाताळू शकतात, मात्र त्यामुळे कामाची गती दुप्पट होत नाही.

## इतिहास

१९८० आणि १९९०च्या दशकांत वर्कस्टेशन व सर्व्हर यांत सन कंपनीचा स्पार्क, सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांतील मिप्स, डिजिटल इक्विपमेंटचा अल्फा, ह्युलेट-पॅकार्डचा पीए-रिस्क आणि आयबीएमचा पॉवर असे निरनिराळ्या घडणीचे प्रोसेसर असत. घरगुती संगणकांतील इंटेलच्या एक्स८६ घराण्याहून ते वेगळे आणि बरेच महाग होते. १९९५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'टॉय स्टोरी' या चित्रपटाच्या चौकटींचे अंतिम चित्रण पिक्सारने सनच्या स्पार्कस्टेशन यंत्रांच्या समूहावर केले होते. चित्रकाराच्या हाताशी असलेले यंत्र वेगळे आणि रात्रंदिवस चौकटी तयार करणारा यंत्रसमूह वेगळा, ही विभागणी आजही टिकून आहे.

नोव्हेंबर १९९५ मध्ये इंटेलने पेंटियम प्रो बाजारात आणला. त्यात ३६ बिटांच्या पत्त्यांमुळे ६४ गिगाबाइटपर्यंत मेमरी हाताळण्याची सोय होती आणि एका यंत्रात चार प्रोसेसर एकत्र चालवता येत. जून १९९८ मध्ये पेंटियम २ झिऑनच्या रूपाने 'झिऑन' हे नाव रूढ झाले. स्वस्त घरगुती घराण्यातूनच सर्व्हरचा प्रोसेसर घडवण्याच्या या पद्धतीपुढे स्वतंत्र घडणीचे बहुतेक प्रोसेसर हळूहळू मागे पडले. इंटेलने स्वतः २००१ मध्ये आणलेल्या इटानियम या वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरचा पुरवठाही २०२१ मध्ये थांबला.

एप्रिल २००३ मध्ये एएमडीने ऑप्टेरॉन सादर केला. जुन्या ३२ बिटी प्रणाली चालू ठेवून ६४ बिटी पत्ते वापरू देणारा हा पहिला एक्स८६ प्रोसेसर होता. मेमरीचे नियंत्रक त्याने प्रोसेसरच्या आतच घेतले. इंटेलने ६४ बिटी सोय २००४ मध्ये, तर अंतर्गत मेमरी नियंत्रक दोन सॉकेटच्या झिऑनमध्ये २००९ मध्ये आणला.

जून २०१७ मध्ये आलेल्या एपिक ७००१ मालिकेत ३२ कोर आणि मेमरीचे आठ चॅनेल होते. ऑगस्ट २०१९ मधील ७००२ मालिकेने कोरची संख्या ६४ वर नेली. या मालिकेत एका मोठ्या चकतीऐवजी आठ-आठ कोरचे छोटे तुकडे, म्हणजे चिपलेट, एका मध्यवर्ती तुकड्याभोवती जोडण्याची पद्धत आली. मोठी चकती घडवताना एखादा दोष राहिला तर पूर्ण चकती किंवा तिचा मोठा भाग बाद होतो. छोट्या तुकड्यांत दोषाचे नुकसान त्या तुकड्यापुरते राहते. शिवाय तेच तुकडे घरगुती, वर्कस्टेशन आणि सर्व्हर अशा तिन्ही प्रकारांत वापरता येतात.

पुढे कोरची संख्या वेगाने वाढली. नोव्हेंबर २०२२ च्या एपिक ९००४ मालिकेत ती ९६ झाली. २०२४ मध्ये इंटेलच्या झिऑन ६ मध्ये मोठ्या कोरची संख्या १२८ आणि कमी वीज घेणाऱ्या छोट्या कोरची संख्या १४४ पर्यंत गेली. त्याच वर्षी एपिक ९००५ मालिकेने १९२ कोरचा पल्ला गाठला. दरम्यान, मोबाइलमधून परिचित असलेली आर्म ही रचनाही ॲमेझॉनच्या ग्रॅव्हिटॉन आणि अँपिअरच्या अल्ट्रा या प्रोसेसरच्या रूपाने सर्व्हरमध्ये स्थिरावली.

## रचनेतील भेद

### कोर आणि क्लॉक

प्रोसेसरला दिलेली वीज अखेर उष्णतेत रूपांतरित होते आणि ती बाहेर काढण्याला मर्यादा असते. ठरावीक विजेत जास्त कोर चालवायचे असतील, तर प्रत्येक कोरचा वेग कमी ठेवावा लागतो. वेग वाढवण्यासाठी विद्युतदाबही वाढवावा लागतो आणि विजेचा वापर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून दोन कोर मध्यम वेगाने चालवणे हे एक कोर दुप्पट वेगाने चालवण्यापेक्षा विजेच्या दृष्टीने स्वस्त पडते. सर्व्हर प्रोसेसर या नियमाचा लाभ घेतात. वर्कस्टेशन प्रोसेसरला अधिक वीज आणि मोठा पंखा किंवा द्रवशीतन मिळत असल्याने त्यांचा वेग चढा ठेवता येतो.

### मेमरीचे चॅनेल

कोर कितीही असले तरी त्यांना लागणारी विदा मेमरीतून येते. मेमरीचा एक चॅनेल हा ८ बाइट रुंदीचा मार्ग मानता येतो. डीडीआर४-३२०० प्रकारच्या मेमरीत सेकंदाला ३२० कोटी वेळा देवाणघेवाण होते, म्हणजे एका चॅनेलमधून सेकंदाला २५.६ गिगाबाइट विदा जाऊ शकते. दोन चॅनेलना ५१.२, चारांना १०२.४ आणि आठांना २०४.८ गिगाबाइट अशी ही कमाल मर्यादा वाढते. हवामानाची प्रारूपे, द्रवगतीची आकडेमोड, मोठी विदागारे अशा कामांत कोर नव्हे, तर हा मार्गच अपुरा पडतो.

दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची मेमरी जोडलेली असते. शेजारच्या प्रोसेसरच्या मेमरीतील विदा आणण्यास अधिक वेळ लागतो. प्रणालीने कामाची वाटणी करताना हे अंतर लक्षात घेतले नाही, तर दुसरा प्रोसेसर बसवूनही अपेक्षित लाभ होत नाही.

### चुकांची दुरुस्ती

मेमरीतील एखादा बिट विद्युत दोषामुळे किंवा बाह्य किरणांमुळे उलटू शकतो. ईसीसी मेमरीत दर ६४ बिटांमागे ८ तपासणीचे बिट ठेवलेले असतात. त्यांच्या आधारे एका बिटाची चूक दुरुस्त होते आणि दोन बिटांची चूक ओळखता येते. गूगलच्या सर्व्हरवर केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांत किमान एक चूक आढळली होती. मे २००३ मध्ये बेल्जियममधील शारबेक येथील मतमोजणीत एका उमेदवाराच्या नावावर ४,०९६ मते जास्त दिसली. ही संख्या २ चा बारावा घात असल्याने एक बिट उलटला असावा, असे अनुमान काढण्यात आले.

सर्व सर्व्हर प्रोसेसर आणि बहुतेक वर्कस्टेशन प्रोसेसर ईसीसी मेमरी वापरतात. घरगुती प्रोसेसरमध्ये ही सोय अनेकदा मुद्दाम बंद ठेवलेली असते. २०११ मध्ये इंटेलने आणलेली झिऑन ई३-१२०० मालिका मुळात घरगुती कोर मालिकेच्याच घडणीची होती. ईसीसीची सोय चालू असणे हा तिचा मुख्य वेगळेपणा होता. सुरुवातीच्या पिढ्या साध्या मदरबोर्डवर चालत असल्याने घरगुती ग्राहकांनीही त्या पसंत केल्या. २०१५ च्या पाचव्या आवृत्तीपासून इंटेलने त्यांना वेगळ्या चिपसेटचे मदरबोर्ड आवश्यक केले.

### जोडणीचे मार्ग

ग्राफिक्स कार्ड, वेगवान साठवण आणि जाळ्याची कार्डे पीसीआय एक्सप्रेसच्या लेनवरून जोडली जातात. घरगुती प्रोसेसरमध्ये अशा सुमारे दोन डझन लेन असतात. एक ग्राफिक्स कार्ड साधारणपणे १६ लेन घेते. त्यामुळे तीन-चार कार्डांचे यंत्र उभारायचे झाल्यास, कोरची गरज नसतानाही, वर्कस्टेशन किंवा सर्व्हर प्रोसेसर घ्यावा लागतो.

## एकाच पिढीतील चार प्रोसेसरांची तुलना

एएमडीची झेन २ ही पिढी या भेदांचे स्पष्ट उदाहरण आहे. खालील चारही प्रोसेसरमध्ये टीएसएमसीने ७ नॅनोमीटर प्रक्रियेने घडवलेले आठ कोरचे तेच चिपलेट आहेत: पहिल्या तिघांत आठ-आठ, तर चौथ्यात दोन. किमती बाजारात येतानाच्या, अमेरिकी डॉलरमधील जाहीर किमती आहेत.

| | एपिक ७७४२ | थ्रेडरिपर प्रो ३९९५डब्ल्यूएक्स | थ्रेडरिपर ३९९०एक्स | रायझन ९ ३९५०एक्स |
|---|---|---|---|---|
| वर्ग | सर्व्हर | वर्कस्टेशन | उच्च श्रेणीचा डेस्कटॉप | घरगुती |
| कोर | ६४ | ६४ | ६४ | १६ |
| मूळ क्लॉक (गिगाहर्ट्‌झ) | २.२५ | २.७ | २.९ | ३.५ |
| कमाल क्लॉक (गिगाहर्ट्‌झ) | ३.४ | ४.२ | ४.३ | ४.७ |
| मेमरी चॅनेल | ८ | ८ | ४ | २ |
| कमाल मेमरी | ४ टेराबाइट | २ टेराबाइट | २५६ गिगाबाइट | १२८ गिगाबाइट |
| वीज मर्यादा (वॅट) | २२५ | २८० | २८० | १०५ |
| सॉकेट | २ पर्यंत | १ | १ | १ |
| किंमत (डॉलर) | ६,९५० | ५,४८९ | ३,९९० | ७४९ |
| दर कोरमागे (डॉलर) | १०९ | ८६ | ६२ | ४७ |

या कोष्टकातील सर्वांत महाग प्रोसेसरचा क्लॉक सर्वांत कमी आहे. त्याची जास्त किंमत वेगासाठी नसून चार टेराबाइट मेमरी, दोन सॉकेट आणि कमी विजेत ६४ कोर यांसाठी आहे. थ्रेडरिपर ३९९०एक्स हा आकड्यांवरून त्याच्याहून वेगवान आणि जवळजवळ निम्म्या किमतीचा दिसतो. परंतु त्याच्या ६४ कोरना चारच चॅनेल मिळतात. त्यामुळे प्रत्येक कोरच्या वाट्याला सेकंदाला १.६ गिगाबाइट मेमरी-प्रवाह येतो. एपिकमध्ये हा वाटा ३.२ गिगाबाइट आहे, आणि सोळा कोरच्या रायझनमध्येही तो तितकाच पडतो. ज्यांची विदा कॅशेत मावते अशा चित्रणासारख्या कामांत हा फरक जाणवत नाही. विदा सतत मेमरीतून आणावी लागली की तो निर्णायक ठरतो.

किमतीतील फरक नेहमीच घडणीच्या खर्चातून येत नाही. त्याच मालिकेतील ६४ कोरच्या एपिक ७७०२ ची किंमत ६,४५० डॉलर होती. तोच प्रोसेसर, केवळ दुसऱ्या सॉकेटची सोय वगळून, ७७०२पी या नावाने ४,४२५ डॉलरला मिळत असे. ज्यांना एकच प्रोसेसर बसवायचा होता, त्यांच्या दृष्टीने २,०२५ डॉलरचा हा फरक म्हणजे न वापरल्या जाणाऱ्या सोयीचे मोल होते.

पुढील पिढ्यांतही हाच आकृतिबंध दिसतो. ९६ कोरच्या एपिक ९६५४ चा कमाल क्लॉक ३.७ गिगाहर्ट्‌झ असून त्याला मेमरीचे १२ चॅनेल आहेत. २०२३ मधील ९६ कोरच्या थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्सचा कमाल क्लॉक ५.१ गिगाहर्ट्‌झ असून चॅनेल ८ आहेत.

## कामगिरी

### समांतर कामाची मर्यादा

जीन ॲमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या विचारानुसार, कामाचा जो भाग वाटून घेता येत नाही, तोच अखेर एकूण गतीची सीमा ठरवतो. कामाचा ९५ टक्के भाग वाटता येत असेल आणि ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर कितीही कोर लावले तरी गती २० पटींच्या वर जाऊ शकत नाही. अशा कामात एका कोरच्या तुलनेत १६ कोरने सुमारे ९.१ पट आणि ६४ कोरने सुमारे १५.४ पट गती मिळते. म्हणजे कोर चौपट केल्याने गती दुप्पटही होत नाही.

यात क्लॉकचा फरक मिळवला की चित्र आणखी बदलते. न वाटता येणारा भाग एका कोरवर कमाल क्लॉकने आणि उरलेला भाग सर्व कोरवर मूळ क्लॉकने चालतो असे गृहीत धरल्यास, वरील कोष्टकावरून पुढील निष्कर्ष निघतात:

* ९९ टक्के काम वाटता येत असेल, तर रायझन ३९५०एक्सला एपिक ७७४२ च्या सुमारे दुप्पट वेळ लागतो.
* ९५ टक्के काम वाटता येत असेल, तर रायझनला सुमारे १.३ पट वेळ लागतो. किमतीतील फरक मात्र ९ पटींहून अधिक आहे.
* ८० टक्केच काम वाटता येत असेल, तर स्वस्त रायझन एपिकपेक्षा सुमारे १२ टक्के कमी वेळात काम संपवतो.

हा हिशेब मेमरी आणि कॅशे यांचा परिणाम बाजूला ठेवून केलेला असल्याने प्रत्यक्ष आकडे वेगळे येतात. दिशा मात्र हीच राहते. यंत्रभागांच्या आरेखनातील बहुतांश क्रिया एका कोरवर अवलंबून असतात, म्हणून तेथे कमाल क्लॉक महत्त्वाचा ठरतो. चित्रपटाच्या चौकटींचे चित्रण, मोठ्या प्रणालींचे संकलन आणि शेकडो आभासी संगणक चालवणे ही कामे जवळजवळ पूर्णपणे वाटून घेता येतात. तेथे कोरची संख्या फळ देते. सर्व्हरवरील विनंत्या मुळातच परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यांत कोणा एकाच्या कामाची गती वाढत नसली तरी एकाच वेळी सांभाळल्या जाणाऱ्या ग्राहकांची संख्या वाढते.

प्रणालीचीही अडचण येऊ शकते. विंडोज ही प्रणाली थ्रेडची मोजदाद ६४-६४ च्या गटांत करते. ३९९०एक्सचे १२८ थ्रेड दोन गटांत विभागले जात असल्याने, त्या काळातील अनेक अनुप्रयोगांना मुद्दाम तशी सोय केल्याविना निम्मेच थ्रेड वापरता येत.

### मापन चाचण्या

प्रोसेसरची कामगिरी मोजण्यासाठी प्रमाणित चाचण्या असतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या 'सीपीयू २०१७' या संचात दोन प्रकार आहेत. 'स्पीड' प्रकारात एक काम किती लवकर पुरे होते ते पाहिले जाते, तर 'रेट' प्रकारात त्याच कामाच्या अनेक प्रती एकत्र चालवून ठरावीक काळात किती काम उरकते ते मोजले जाते. पहिला प्रकार वर्कस्टेशनच्या, तर दुसरा सर्व्हरच्या गरजेशी जवळचा आहे. एकाच प्रोसेसरची दोन्ही क्रमवारींतील स्थाने वेगळी असू शकतात, म्हणून कोणता अंक दिला आहे हे पाहणे आवश्यक ठरते.

मेमरीच्या प्रवाहासाठी जॉन मॅककॅल्पिन यांची 'स्ट्रीम' चाचणी, विदागारांसाठी टीपीसी या संस्थेच्या चाचण्या, महासंगणकांसाठी लिनपॅक आणि चित्रणासाठी सिनेबेंच प्रचलित आहेत. सिनेबेंच जवळजवळ पूर्णपणे वाटून घेता येणाऱ्या कामावर आधारलेली असून मेमरीवर तिचा भार कमी पडतो. त्यामुळे तिच्या बहुकोर अंकावरून विदागाराच्या सर्व्हरची निवड करणे दिशाभूल करणारे ठरते.

## मूल्य

### सॉफ्टवेअरचे परवाने

व्यावसायिक सॉफ्टवेअरचे शुल्क आता पुष्कळदा कोरच्या संख्येवर आकारले जाते. मायक्रोसॉफ्टने एसक्यूएल सर्व्हरसाठी ही पद्धत २०१२ च्या आवृत्तीपासून, तर विंडोज सर्व्हरसाठी २०१६ च्या आवृत्तीपासून लागू केली. व्हीएमवेअरने एप्रिल २०२० पासून एका प्रोसेसरच्या परवान्याला ३२ कोरची मर्यादा घातली.

एसक्यूएल सर्व्हर २०१९ च्या एंटरप्राइझ आवृत्तीचा जाहीर दर दोन कोरमागे १३,७४८ डॉलर होता. या दराने ६४ कोरच्या एका प्रोसेसरसाठी ४,३९,९३६ डॉलर लागतात, म्हणजे ६,९५० डॉलरच्या प्रोसेसरच्या ६३ पट. १६ कोरसाठी हाच खर्च १,०९,९८४ डॉलर येतो.

हे ओळखूनच एएमडीने एप्रिल २०२० मध्ये एपिक ७एफ५२ हा १६ कोरचा प्रोसेसर ३,१०० डॉलरला आणला. त्याचा दर कोरमागे सुमारे १९४ डॉलर, म्हणजे ७७४२ पेक्षा बराच जास्त होता. मात्र त्याचा मूळ क्लॉक ३.५ गिगाहर्ट्‌झ असून त्याला ६४ कोरच्या प्रोसेसरइतकीच २५६ मेगाबाइट कॅशे दिली होती. कोरमागे शुल्क भरणाऱ्या ग्राहकाला कमी पण वेगवान कोर हवे असतात. त्याच्यासाठी कोरमागे महाग असलेला हा प्रोसेसर एकूण खर्चात स्वस्त पडतो. उलट लिनक्स, पोस्टग्रेस अशी मुक्त प्रणाली वापरणाऱ्यांना हा विचार करावा लागत नाही.

### वीज

सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालू राहतो. २२५ वॅटचा प्रोसेसर पूर्ण भाराने वर्षभर चालल्यास १,९७१ युनिट वीज लागते. युनिटला १० रुपये दर धरला तर हा खर्च १९,७१० रुपये होतो. त्यात मेमरी, साठवण, पंखे आणि दालन थंड राखण्याची वीज वेगळी. २८० वॅटचे वर्कस्टेशन दिवसाला १० तास आणि वर्षाला ३०० दिवस पूर्ण भाराने चालले, तर प्रोसेसरपुरती वीज ८४० युनिट लागते. यामुळे सर्व्हरच्या बाबतीत दर वॅटमागे किती काम होते याला, तर वर्कस्टेशनच्या बाबतीत वापरणाऱ्याचा किती वेळ वाचतो याला अधिक किंमत असते.

### संपूर्ण यंत्राचा खर्च

प्रोसेसरची किंमत ही यंत्राच्या किमतीचा एक भाग असते. आठ चॅनेलचा प्रोसेसर घेऊन दोनच मेमरी पट्ट्या लावल्यास त्याचे सहा चॅनेल रिकामे राहतात आणि मोजलेल्या किमतीचा लाभ मिळत नाही. मोठ्या सॉकेटचे मदरबोर्ड, ईसीसी मेमरी आणि वीजपुरवठा हेही साध्या यंत्रापेक्षा महाग असतात. दुसऱ्या बाजूला सर्व्हरच्या मदरबोर्डवर दूरनियंत्रणाची स्वतंत्र चिप असते. तिच्यामुळे बंद पडलेले यंत्रही दुसऱ्या गावाहून सुरू करता येते. जेथे तंत्रज्ञ जवळ नसतो, तेथे या सोयीचे मूल्य मोठे असते.

## वापरलेले सर्व्हर प्रोसेसर

मोठ्या कंपन्या काही वर्षांनी सर्व्हर बदलतात. त्यातून निघालेले झिऑन प्रोसेसर मूळ किमतीच्या अत्यल्प भागात बाजारात येतात आणि विद्यार्थी, छोटी कार्यालये व हौशी वापरकर्ते ते घेतात. अनेक कोर, भरपूर मेमरी आणि ईसीसी हे त्यांचे गुण होत. प्रयोगशाळेत आभासी संगणक चालवून जाळ्यांचे शिक्षण घेण्यासाठी ते उपयुक्त ठरतात.

त्यांच्या मर्यादाही ठळक आहेत. जुन्या पिढीचा कोर त्याच क्लॉकवर नव्या कोरपेक्षा कमी काम करतो, त्यामुळे एका कोरवर चालणाऱ्या कामांत नवा साधा प्रोसेसरही पुढे जातो. दोन सॉकेटचे जुने यंत्र रिकामे असतानाही पुष्कळ वीज घेते आणि त्याच्या पंख्यांचा आवाज घरात किंवा वर्गात त्रासदायक होतो. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटींवरील उपायांमुळेही काही कामांत त्यांची गती घटली. शिवाय नव्या प्रणाली जुन्या प्रोसेसरना वगळत जातात. २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ या आज्ञासंचाची गरज असते. २०१२ च्या झिऑन ई५-२६०० मालिकेत आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीत तो नाही, तर २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. खरेदीच्या वेळी कोरच्या संख्येपेक्षा ही आवृत्ती तपासणे अधिक महत्त्वाचे असते.

## पुण्यातील महासंगणक

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० मध्ये इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. २०१३ मधील परम युवा २ या महासंगणकात आठ कोरचे झिऑन ई५-२६७० आणि त्यांच्या जोडीला झिऑन फाय हे सहप्रोसेसर होते.

सी-डॅकचाच परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० महासंगणकांच्या यादीत ६३ व्या क्रमांकावर आला. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांचा समूह आहे. प्रत्येक यंत्रात वरील कोष्टकातील एपिक ७७४२ हे दोन प्रोसेसर आणि आठ ग्राफिक्स प्रोसेसर असतात. यात मुख्य आकडेमोड ग्राफिक्स प्रोसेसर करतात. एपिकचे काम त्यांना अखंड विदा पुरवण्याचे आहे. त्यासाठी क्लॉकपेक्षा मेमरीचे चॅनेल आणि पीसीआय एक्सप्रेसच्या मुबलक लेन यांना महत्त्व असते.

## निवडीचे निकष

| काम | प्रथम पाहावयाची बाब |
|---|---|
| आरेखन, एकाच व्यक्तीचे संवादी काम | कमाल क्लॉक |
| चित्रण, संकलन, आभासी संगणक | कोरची संख्या |
| वैज्ञानिक प्रारूपे, मोठी विदागारे | मेमरीचे चॅनेल व क्षमता |
| कोरमागे शुल्क असलेले सॉफ्टवेअर | दर कोरची गती |
| अनेक ग्राफिक्स कार्डे | पीसीआय एक्सप्रेसच्या लेन |
| अखंड चालणारी सेवा | ईसीसी, दूरनियंत्रण, दर वॅटमागील काम |

एखाद्या संस्थेचे काम यांपैकी कोणत्या ओळीत बसते हे जुन्या यंत्रावरच तपासता येते. काम चालू असताना सर्व कोर व्यग्र असतील तर कोर वाढवणे फलदायी ठरते. एकच कोर व्यग्र असेल तर अधिक क्लॉकचा प्रोसेसर लागतो. मेमरी भरून साठवणीवर भार पडत असेल, तर प्रोसेसर न बदलता मेमरी वाढवणे सर्वांत स्वस्त पडते.

## हे सुद्धा पहा

* मध्यवर्ती प्रक्रिया एकक
* महासंगणक
* परम महासंगणक
* विदा केंद्र
* ग्राफिक्स प्रोसेसर